पहिला हात वाळेपर्यंत

पॉलिशवाला गुन्हेगार आहे ही बातमी खुद्द पॉलिशवाल्याला सगळ्यांत शेवटी कळली. सरकारला ती बरीच वर्षं माहीत होती. सरकारने ती चारचौघांत बोलून दाखवली नाही, हा सरकारचा मोठेपणा.

तो पोलिसांच्या खिडकीवर गेला होता वर्तणुकीचा दाखला आणायला. त्याची धाकटी बहीण आजारपणात गेली. तिचा नवरा त्याआधीच कुठेतरी निघून गेलेला, आणि अशी माणसं जाताना पत्ता ठेवत नाहीत. मागे राहिली नऊ वर्षांची भाची. पॉलिशवाला आणि त्याची बायको इस्पितळात बहिणीच्या उशाशी बसलेले असताना शेजाऱ्यांनी चांगल्या मनाने पोरीची खबर बालगृहाला दिली, आणि बालगृहाने चांगल्या मनाने तिला नेलं. आता परत आणायची तर चांगलं मन पुरत नव्हतं, कागद लागत होते. शिवाय घाई होती. बालगृहात जागा कमी, म्हणून ज्यांना घर मिळणार नाही अशी मुलं महिनाअखेर दुसऱ्या संस्थेत हलवायची ठरली होती. ती संस्था इतकी दूर होती की तिथे कधी कुणी भेटायला गेल्याचं बालगृहातल्या कुणालाच आठवत नव्हतं.

पॉलिशवाल्याला स्वतःचं मूल नव्हतं. बायकोने पलंग भिंतीशी सरकवून खिडकीखालची जागा मोकळी केली होती. बाकीचे कागद जमले होते. दाखला तेवढा राहिला होता, आणि तो काय, आज गेलं की आज मिळेल, असं तो बायकोला सांगून निघाला होता.

खिडकीमागच्या कारकुनाने यंत्रात बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, मग परत यंत्रात.

"सात नोंदी आहेत तुमच्या."

"कसल्या?"

"गुन्ह्यांच्या. शाबीत झालेल्या."

"माझ्या?"

"नाव तुमचं, अंगठा तुमचा, फोटो तुमचा. फोटोत जरा बरे दिसता."

पॉलिशवाला हसला. उलगडा झाल्यासारखा हसला. "ते फुटपाथचं होय? ते दुकानाचं आहे, साहेब. माझं नाही. आणि दंड भरलाय सगळा."

"भरलाय ना. म्हणून तर शाबीत."

आता हे फुटपाथचं प्रकरण सांगायला हवं. पॉलिशवाला ज्या फर्निचरच्या दुकानात काम करायचा, ते दुकान आतून लहान आणि बाहेरून मोठं होतं. सकाळी शटर वर गेलं की दोन कपाटं, एक जेवणाचं टेबल आणि एक झुलती खुर्ची फुटपाथवर येऊन बसत, आणि लोक रस्त्याने चालत. अधूनमधून नगरपालिकेचं पथक येई आणि रहदारीला अडथळा केल्याबद्दल खटला भरी. समन्सवर लिहिलेलं असे, 'दुकानातील जबाबदार इसम'. मालक ते वाचत आणि दुकानभर नजर फिरवत.

सुताराला पाठवून बघितलं, तर तो कोर्टाशी वाद घालून आला आणि दंड वाढला. हिशेबनिसाला पाठवलं, तर त्याला तिथेच घेरी आली. राहिला पॉलिशवाला. त्याचं काम मोठं सोयीचं. लाकडाला चपडीचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, पहिला हात द्यायचा, मग तो वाळेपर्यंत माणसाला दुसरं काही करता येत नाही. स्पर्श केला तर बोटं उमटतात. तेवढ्या वेळात तो कोर्टात जाऊन येई. जाताना लाकूड ओलं, येताना वाळलेलं, मग काचकागद मारून दुसरा हात. मालक कौतुकाने म्हणत, "तू गेलास तर कामाचा खोळंबा होत नाही बघ."

पॉलिशवाल्यालाही ते आवडे. कोर्टात पंखे होते, बाकं सागवानी होती, आणि त्यांच्यावर कुणीतरी अडाण्याने ब्रशने वॉर्निश फासलं होतं. पुकारा होईपर्यंत तो त्या वॉर्निशचे ओघळ बघून हळहळे. पुकारा झाला की उभा राही. समोरचा कारकून एका दमात काहीतरी वाचून टाकी. ते वाचणं कुणी ऐकावं म्हणून नसे. वाचणाराही ऐकत नसे. कारकून श्वास घ्यायला थांबला की आपण 'कबूल' म्हणायचं, एवढं पॉलिशवाल्याने हेरून ठेवलं होतं. दंड मालकांचा, चहा मालकांचा. मागचेपुढचे लोक घाम पुसत उभे असताना हा त्यांना धीर देई. "काही नाही हो, दोन मिनिटांचं काम आहे."

"बरं, फुटपाथचे सात तर सात," तो आता खिडकीवर म्हणाला. "बालगृहाला फुटपाथचं काय?"

"फुटपाथचे सहाच आहेत," कारकून म्हणाला. "एक वेगळा आहे. बारा वर्षांच्या मुलाला मारहाण."

पॉलिशवाल्याने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"मी?"

"तुम्ही कबूल केलंय."

त्याने दाखला हातात घेतला आणि तारीख वाचली. तारखेवरून त्याला काही आठवेना. सुताराला आठवलं. दुकानामागच्या बोळात रंधा मारता मारता तो म्हणाला, "अरे, ते नाही का, शाळेतल्या पोराने नव्या टेबलावर कंपासने रेघ ओढली होती. धाकट्या मालकांनी त्याच्या मुस्काटात लगावली. रक्त आलं होतं नाकातून. पोराच्या आईने तक्रार केली, पण कुणी मारलं ते तिला ठाऊक नव्हतं. दुकानातल्या माणसाने, एवढंच लिहिलं तिने."

"आणि मी?"

"तू गेलास की. ते मोठं कपाट वाळत होतं तुझं."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का? तू म्हणालास, आणा इकडे ते समन्स, पंख्याखाली बसून येतो."

हे अगदी खरं होतं.

त्या रात्री बायकोने विचारलं, "आला का दाखला?"

"आला."

"मग?"

त्याने सांगितलं. बायकोने भाकरी थापावी तसे दोन्ही तळवे एकमेकांवर घासले. मग म्हणाली, "दहा वर्षं तुम्ही घरी येऊन मला सांगत होतात, आज कोर्टात जाऊन आलो. मला वाटायचं, केवढा भरवशाचा माणूस."

दुसऱ्या दिवशी तो वकीलबाईंकडे गेला. त्यांनी दाखला वाचला, चष्मा काढला, परत वाचला.

"बघा, गुन्हे किरकोळ आहेत. किरकोळ गुन्ह्यात दंड भरून माणूस घरी जातो, म्हणून त्याला वाटतं की मिटलं. मिटत काही नाही. दंड भरला म्हणजे शिक्षा भोगली. पुसली नाही. सहा फुटपाथवाल्या नोंदी मी समजावून देईन कुणालाही. ही सातवी घोळाची आहे."

"पण मी मारलंच नाही, बाई."

"मग दोन गोष्टी होतात. तुम्ही म्हणालात की मी मारलं होतं, चूक झाली, तर तुम्ही मुलांना मारणारा माणूस. बालगृह पोर देणार नाही. तुम्ही म्हणालात की मी मारलंच नव्हतं, तर तुम्ही भर कोर्टात खोटं बोललात, कुणाचा तरी गुन्हा अंगावर घेतलात. तो मारहाणीपेक्षा मोठा गुन्हा आहे."

पॉलिशवाल्याने यावर विचार केला. "म्हणजे मी त्या पोराला खरंच मारलं असतं तर बरं झालं असतं."

"कायद्याला सोपं गेलं असतं," वकीलबाई म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या. "ज्याने मारलं त्याने स्वतः येऊन सांगितलं तर मी अर्ज करून बघते. नाहीतर काही वर्षं थांबा. तोवर एकही नवी नोंद नको, साधी फुटपाथचीसुद्धा. मग नोंद काढून टाका असा अर्ज करता येतो."

"पोरीला महिनाअखेर हलवणार आहेत."

"मग मालकांकडे जा."

मालकांनी त्याला खुर्चीवर बसवलं. विकाऊ खुर्चीवर, म्हणजे त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. चहा मागवला. धाकटे मालक, म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ, तेवढ्यात गोदामात निघून गेले.

"तू घरचा माणूस," मालक म्हणाले. "तुझ्यासाठी मी काय वाटेल ते करीन."

"धाकट्या मालकांनी फक्त खरं सांगायचं. बाकी काही नको."

"ते सोडून."

"मालक, पोरगी जाईल हो माझी."

"मला कळत नाही का? पण तू माझ्या जागी बस. धाकट्याचं लग्न ठरत आलंय. मुलीकडचे चौकशा करताहेत. पोरांवर हात टाकतो असं कळलं तर कोण मुलगी देईल? तुझं एक बरं आहे, तुझं लग्न झालेलं आहे."

"लग्न झालंय, पण मूल..."

"अरे, मुलांचं काय, होतील की," मालक सवयीने म्हणून गेले आणि मग पॉलिशवाल्याचे पांढरे केस बघून त्यांनी चहात लक्ष घातलं. शेवटी त्यांनी आपल्या हाताने एक शिफारसपत्र लिहून दिलं. वरच्या कोपऱ्यात सोफ्याचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं की हा इसम अत्यंत विश्वासू असून सांगाल ते करतो.

बालगृहाच्या अधीक्षिकाबाईंनी ते पत्र शेवटपर्यंत वाचलं. टेबलाच्या अलीकडे पॉलिशवाला आणि त्याची बायको बसले होते. बाईंचा आवाज मऊ होता, आणि त्यामुळे आणखी भीती वाटत होती.

"हे पत्र चांगलं आहे. पण ते तुम्हाला नोकरी देण्यासाठी चांगलं आहे."

"बाई, मी आयुष्यात कुणाला मारलं नाही. हिला विचारा."

"खरं आहे," बायको म्हणाली. "झुरळसुद्धा मीच मारते."

"मला तुमच्याकडे बघून पटतं," अधीक्षिकाबाई म्हणाल्या. "उद्या माझ्या जागी दुसरी येईल. तिला तुम्ही दिसणार नाही, हा कागद दिसेल. ज्या घरात असा माणूस राहतो तिथे मी मूल दिलं, आणि पुढे साधं पडून जरी तिला लागलं, तर मी काय उत्तर देऊ?" त्यांनी कागद नीट एकावर एक ठेवले. "तुमच्या पत्नीच्या नावावर काहीच नाही. त्यांचा दाखला स्वच्छ आहे."

एवढं बोलून त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. पॉलिशवाल्याला कळलं नाही. बायकोला कळलं.

दोघं घरी आली. जिना चढून झाल्यावर कुलूप काढता काढता म्हणाली, "मी वेगळी राहते असं दाखवावं लागेल."

"दाखवू की. मी तेवढे दिवस सुताराकडे झोपतो."

"दाखवायचं नाही हो. राहावंच लागेल. त्या न सांगता बघायला येतात. शेजाऱ्यांना विचारतात. आणि त्या शेजाऱ्यांना खोटं बोलता येत नाही, तुम्ही बघितलंयत ना, एकदा चांगल्या मनाने काय केलं त्यांनी."

"किती दिवस?"

कुलूप निघालं होतं, तरी ती किल्ली फिरवत राहिली. "पोरीला जाऊ द्यायचं का मग? सांगा तुम्ही. तुम्ही म्हणाल तसं."

पॉलिशवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा एका प्रश्नाला विचार करून उत्तर दिलं. "नाही," तो म्हणाला. "आण तिला."

त्याने बालगृहाला लिहून दिलं की मी या घरात राहत नाही आणि या छपराखाली येणार नाही. पोरीला बाहेर, मामीसमोर, रविवारी भेटायला हरकत नव्हती. लोखंडी पेटीत कपडे भरून तो दुकानाच्या माळ्यावर राहायला गेला. मालकांनी लगेच परवानगी दिली. रात्रीच्या राखणदाराला ते त्याच आठवड्यात काढून टाकणार होते, त्याला आता निर्धास्तपणे काढता आलं. माळ्यावर उभं राहता येत नसे. रात्रभर खालून स्पिरिटचा वास वर येई आणि त्याला खोकला येई. भाची घरी आली त्या संध्याकाळी तो समोरच्या फुटपाथवर उभा राहून खिडकी बघत होता. खिडकीत दिवा लागला. मग मामीने पडदा ओढून घेतला, कारण शेजारी बघत होते.

पहिल्या रविवारी ते बागेत भेटले. भाची बाकावर मध्ये बसली, एका बाजूला मामी, एका बाजूला मामा. केसांना तेल होतं, अंगावर नवा फ्रॉक. ती आईसारखी मान तिरकी करून बोलायची.

"मामा, त्या मुलाला कुठल्या गालावर मारलंस?"

मामी एकदम म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

"तिथल्या ताई बोलत होत्या. कुठल्या गालावर?"

"मला माहीत नाही," पॉलिशवाला म्हणाला.

"मारताना डोळे मिटले होतेस?"

"मी मारलंच नाही, बाळा."

"मग ताई खोटं बोलल्या?"

"नाही. लिहिलेलं होतं, ते त्या बोलल्या."

"लिहिलं कुणी?"

"सरकारने."

"सरकारला कुणी सांगितलं?"

पॉलिशवाल्याने बायकोकडे बघितलं. ती समोरच्या झाडाकडे बघत होती.

"मी सांगितलं," तो म्हणाला.

भाचीने हे मनात घोळवलं. वकीलबाईंना ज्याला पाऊण तास लागला होता ते तिने पाय हलवता हलवता उरकलं. "कशाला सांगितलंस?"

"मालक म्हणाले, सांग."

"आणि परत म्हणाले तर?"

पॉलिशवाल्याच्या खिशात कालच आलेलं समन्स होतं. नव्या मापाचं कपाट फुटपाथवर जरा जास्तच पुढे आलं होतं. मालकांनी ते त्याच्या हातात ठेवलं होतं आणि म्हणाले होते, "सोमवारी तू जाऊन ये. आता तुझं काय बिघडणार आहे? साताचे आठ."

"आता नाही सांगणार," तो भाचीला म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचं म्हणणं तिला पटलं की नाही ते कळेना. थोड्या वेळाने तिने मामीचा हात धरला आणि थोडी तिकडे सरकली. फार नाही. मध्ये आणखी एखादं लहान मूल बसलं असतं, एवढीच.

सोमवारी सकाळी त्याने समन्स मालकांच्या टेबलावर ठेवलं.

"मी जाणार नाही, मालक."

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. पण जाणार नाही. नवी नोंद झाली की माझी वर्षं परत पहिल्यापासून मोजतील. पोरगी लग्नाची झाली तरी मी माळ्यावरच."

"मग जायचं कुणी?"

"ज्याचं दुकान त्याने."

मालकांना राग आला नाही. त्यांना नवल वाटलं. झुलत्या खुर्चीने तोंड उघडून उत्तर दिलं असतं तर वाटलं असतं तेवढं. धाकटे मालक गोदामाच्या दारात येऊन उभे राहिले.

"मी तुला राहायला जागा दिली," मालक म्हणाले.

"दिलीत."

"पत्र लिहून दिलं."

"दिलंत. त्यात लिहिलंय की मी सांगाल ते करतो. तेवढं खोडा."

मालकांनी खोडलं नाही. त्यांनी हिशेबनिसाला हाक मारली, आणि दुपारच्या आत पॉलिशवाला पेटी घेऊन रस्त्यावर आला. सुताराने त्याच्या हातात चपडीची बाटली आणि बोळ्याची जुनी चिंधी दिली.

सवयीने त्याचे पाय घराच्या दिशेने वळले. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्याला आठवलं आणि तो थांबला. आज सोमवार होता. रविवार अजून लांब होता. तो उलटा फिरला.

रस्ता सगळा फर्निचरवाल्यांचा होता. पलीकडच्या टोकाला एका नव्या, मोठ्या दुकानात तो शिरला आणि पॉलिशचं काम आहे का विचारलं. तिथल्या मालकाने त्याला एका टेबलाच्या पायावर हात फिरवायला लावला, त्याची बोटं बघितली, मान डोलावली.

"काम येतं तुला. दाखला आहे का? हल्ली आम्ही दाखल्याशिवाय कुणाला ठेवत नाही."

पॉलिशवाल्याने पेटी उघडून दाखला दिला. दुसरं काही देण्यासारखं त्याच्याकडे नव्हतंच. नव्या मालकाने वाचायला घेतलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. पॉलिशवाल्याने पेटीची कडी लावून ती उचलायची तयारी केली.

नव्या मालकाचा चेहरा हळूहळू खुलला.

"या सगळ्या केसेस तूच घेतल्यास? दुकानाच्या?"

"हो."

"कोर्टात कधी उलटा बोलला नाहीस?"

"नाही."

"बस, बस," नवा मालक म्हणाला आणि स्वतः उठून त्याने स्टूल पुढे सरकवलं. "हल्ली असा माणूस मिळत नाही. सगळ्यांना आपापला दाखला स्वच्छ पाहिजे असतो. आमची गुरुवारीच एक तारीख आहे."

पॉलिशवाला बसला नाही. त्याने दाखला परत मागितला, घडी घालून खिशात ठेवला आणि पेटी उचलली.

"पगार वाढवून देतो," नवा मालक मागून म्हणाला.

बाहेर पुढच्या दुकानापर्यंत फुटपाथवर कपाटंच कपाटं मांडलेली होती. दोन कपाटांच्या मध्ये पेटी निघेल एवढीही जागा नव्हती. तो रस्त्यावर उतरला आणि गाड्यांच्या कडेकडेने चालू लागला. मागून एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवला आणि ओरडून विचारलं, फुटपाथ कशाला बांधलाय. पॉलिशवाल्याने पेटी दुसऱ्या हातात घेतली.